मिसाळकाकांची झाकपाक

एआय उघडण्याआधी मिसाळकाका टेबलावरच्या कागदांवर गमछा पांघरतात. पांढरा, लाल काठाचा, रोज घाम पुसायचा तोच गमछा. बिलं, ग्राहकांच्या चिठ्ठ्या, लग्नाच्या पत्रिका, जे समोर असेल ते त्याखाली जातं. मग खुर्ची पुढे ओढून, घसा साफ करून ते दोन बोटांनी टाइप करायला लागतात.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, पंख्याने कागद उडत असतील. वर पाहिलं तर पंखा बंद होता.

"काका, त्याला डोळे नसतात," मी भीत भीत म्हणाले.

"कुणाला?"

"एआयला. आणि कॅमेरापण बंद आहे."

"त्याला नसतील. मला हायेत ना, ताई! समोर नाव दिसलं की माझं बोट नाव टाइप करतंय. मी गमछा त्याच्यावर न्हाई टाकून राह्यलो, माझ्यावर टाकून राह्यलो."

मला तशीही वेळेवर उत्तरं सुचत नाहीत. मी धावडा गावची. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. जालन्यात होस्टेलला राहून बीसीए करते, आणि शेवटच्या वर्षी कुठेतरी काम शिकावं लागतं म्हणून मी नवीन जालन्यातल्या या ऑफिसात आले. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बियाण्यांच्या एका दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. जिन्यात कायम औषध लावलेल्या बियाण्यांचा वास येतो. आमची कंपनी कृषी सेवा केंद्रांना, म्हणजे बी-बियाणं, खतं, औषधं विकणाऱ्या दुकानांना, बिलं काढायचं सॉफ्टवेअर बसवून देते आणि ते अडलं की फोनवरून सोडवून देते. मालक नितीनभैया. त्यांच्या वडिलांचा कापसाचा व्यापार, पण यांनी पुण्याला इंजिनिअरिंग करून हे काढलं. आणि फोनवर मिसाळकाका. कंपनी सुरू झाली तेव्हापासून फोनवर तेच.

एआयबद्दल काकांचं एक ठरलेलं वाक्य आहे. नवीन कुणीही आलं की ते त्याला ऐकवतात. "पाहुणा हुशार हाय. पर पाहुणाच हाय. ओसरीवर बसवा, चहा पाजा, अडलेलं इचारा. कोठीत नेऊ नका."

कोठी म्हणजे ग्राहकांची माहिती. दुकानदाराचं नाव, गाव, मोबाइल, कुणाकडून माल घेतो, कितीला घेतो. यातलं काहीही एआयला लिहायचं नाही, हा काकांचा नियम. तसा तो नितीनभैयांचाही नियम होता, आल्या आल्या मला त्यावर सही करायला लावली होती. पण भैयांचा नियम कागदावर होता आणि काकांचा तोंडात. काका या सगळ्याला "झाकपाक" म्हणायचे. रात्रीची जेवणं झाल्यावर घरातली बाई करते ती झाकपाक. "झाकपाक केली का, ताई?" असं ते मला दिवसभर विचारायचे.

झाकपाकीसाठी त्यांनी सगळ्या ग्राहकांना भाज्यांची नावं दिली होती. एआयला प्रश्न विचारताना ते लिहायचे, "दोडका यांच्या दुकानात शिल्लक खताचा आकडा उणे दिसतो, कारण काय?" कोणता ग्राहक कोणती भाजी, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, त्यांच्या डोक्यात होतं. भाजी स्वभावावरून ठरायची. फोनवर नुसता ओरडतो तो कारलं. बोलणं संपतच नाही तो पडवळ. एकदा अंबडकडचे एक दुकानदार ऑफिसात येऊन बसले होते आणि काका मला म्हणाले, "ताई, भोपळ्याचं काय झालं? भोपळ्याचा प्रिंटर चालू झाला का?" ते दुकानदार अंगाने भरलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं.

"भोपळा कोण, मिसाळ?" त्यांनी विचारलं.

"हाय एक ग्राहक," काका म्हणाले, "लई मोठ्या मनाचा माणूस."

ते दुकानदार जाताना दाराशी थांबून म्हणाले, "प्रिंटर चालू झाला बरं का माझा."

काका एआयच्या विरोधात होते असं मात्र नाही. उलट ऑफिसात सर्वांत जास्त तेच वापरायचे. दुकानदाराला समजेल अशा चार ओळी लिहून घ्यायच्या, एरर आली तर तिचा अर्थ विचारायचा, सगळं त्यांना आवडायचं. फक्त आलेलं उत्तर ते मोठ्याने वाचायचे आणि त्याच्याशी बोलायचे. "'कृपया आपण सदर प्रक्रिया पूर्ण करावी.' अरे, हे माणूस बोलून राह्यलं का तहसील? नीट लिही." परत लिहून आलं की, "हां. आता आलास गावात."

एकदा एआयने सांगितलं, साधनांच्या मेनूत जा, तिथे 'जुनी बिलं दुरुस्त करा' असं बटण आहे. काकांनी अख्खी सकाळ ते बटण शोधलं. मग नितीनभैयांना बोलावलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तसं बटणच नव्हतं.

"खोटं बोलतंय म्हणजे," मी म्हणाले.

"खोटं न्हाई ताई. त्याला 'माहीत न्हाई' म्हणता येत न्हाई. माझा साडू असाच हाय. रस्ता इचारला की सांगणारच, गाव असो नसो."

त्या दिवसापासून काकांनी जुन्या कॉम्प्युटरवर एक खोटं दुकान उघडलं. एआयने सांगितलेलं आधी त्या दुकानात करून बघायचं, मगच ग्राहकाला सांगायचं. कधी कधी या तपासण्यात काका स्वतःच गोंधळ घालायचे. खोट्या दुकानात काढलेलं खोटं बिल एकदा खऱ्या ग्राहकाला गेलं, आणि तो बिचारा शंभर गोणी युरियाची वाट बघत बसला. काकांनी त्याची माफी मागितली आणि आठवडाभर स्वतःलाच "गाढव" म्हणत राहिले.

त्यांच्या फोनबद्दल सांगायला हवं. काका फोन उचलला की आधी कामाचं विचारत नाहीत. "जेवण झालं का?" हा पहिला प्रश्न. मग गुडघा, म्हैस, पोरीचा निकाल, मोसंबीला लागलेली फळगळ. या सगळ्यातून वाट काढत बोलणं हळूहळू प्रिंटरपाशी येतं. नितीनभैया चिडायचे, "काका, जल्दी आटपा ना, लाइनवर दुसरे थांबलेत." काका म्हणायचे, "भैया, माणूस अडलेला असतो तवा त्याला आधी बसवावं लागतं."

काकांची बायको काही वर्षांपूर्वी गेली. मुलगा हैदराबादला आहे. जुन्या जालन्यात दोन खोल्यांत ते एकटे राहतात. हे ऑफिसात सर्वांना माहीत होतं, पण ते त्याबद्दल कधी बोलायचे नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही.

दिवाळीनंतर नितीनभैयांनी ठरवलं की दुकानदारांच्या नेहमीच्या प्रश्नांना मोबाइलवर लगेच उत्तर देणारा एक सहायक बनवायचा. एआयला आमची जुनी बोलणी द्यायची. कुणी प्रश्न विचारला की तो त्यातलं जवळचं बोलणं शोधून त्यावरून उत्तर जुळवेल. फोनवरची बोलणी कित्येक वर्षं रेकॉर्ड होत होती, ती मशीनने लिहूनही दिली. भैयांनी एकेका दुकानदाराला फोन करून परवानगी घेतली आणि शब्द दिला, "कामाचं तेवढं ठेवू. तुमचं नाव, गाव, घरचं बोलणं, काहीही त्यात राहणार नाही."

तो शब्द पाळायचं काम काकांवर आणि माझ्यावर आलं.

सुरुवातीला मजा यायची. काका एकेक बोलणं वाचायचे आणि स्वतःवरच हसायचे. "हे बघ, पडवळाचं. पोरीला बघायला आल्ते त्या दिवशीचं." मग गंभीर होऊन म्हणायचे, "पुस." मी पुसायचे. गुडघा पुसायचा. म्हैस पुसायची. पोरीचा निकाल, भावकीतलं भांडण, कुणाच्या तरी पोटातली गाठ, "गाठ साधी निघाली बरं का काका", हे सगळं पुसायचं. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की लोकांनी काकांना काय काय सांगितलेलं होतं. त्यातलं काही घरातसुद्धा कुणाला माहीत नसेल.

एक बोलणं पुसून झाल्यावर जे उरलं ते काकांनी मोठ्याने वाचलं. "नमस्कार. बिल छापत नाही. प्रिंटर बंद करून चालू करा. झालं. बरं."

"हे आम्ही बोल्लो व्हय?"

"कामाचं तेवढंच होतं, काका."

"बराबर हाय," ते म्हणाले. "बिलकुल बराबर. पुढचं घे."

काही फाइली काकांनी स्वतःकडे ठेवल्या. "वडीगोद्रीच्या दुकानाच्या मीच करतो," म्हणाले. मी पुढच्या फाइली उघडल्या.

मग सहायक सुरू झाला, आधी थोड्याच दुकानदारांसाठी. दुकानदाराने प्रश्न लिहिला की उत्तर आधी काकांच्या स्क्रीनवर यायचं. त्यांनी वाचून बटण दाबलं तरच पुढे जायचं. हा आग्रह काकांचाच होता आणि भैयांनी तो लगेच मानला. उत्तरं चांगली यायची. काका क्वचित एखादा शब्द बदलायचे. एकदा संध्याकाळी मी चहाचे कप उचलत होते तेव्हा काका स्क्रीनकडे बघून हसत होते. मोठ्याने नाही. कुणी ओळखीचं लांबून येताना दिसावं तसं. मला वाटलं, एआयने काहीतरी तहसीलसारखं लिहिलं असेल. त्यांनी दोन ओळी खोडल्या, बटण दाबलं आणि तसेच बसून राहिले.

महिन्याभरानंतर भैयांनी दुकानदारांना ऑफिसात बोलावलं. सहायक दाखवायचा होता. दहा-बारा जण आले. कचोरी आणली होती, चहा होता, भिंतीवर प्रोजेक्टर लावला होता. भैया जरा उत्साहात होते. ते म्हणाले, "आज मधे कुणी नाही. थेट विचारा, थेट उत्तर." आणि त्यांनी काकांच्या स्क्रीनची पायरी बंद केली. काका त्या वेळी खाली जिन्यात कुणाला तरी वर यायची वाट दाखवत होते.

काका वर आले तेव्हा सगळे रंगात आले होते. कुणी खताच्या साठ्याचं विचारलं, बराबर उत्तर आलं. कुणी मुद्दाम विचारलं, "माझी उधारी कोण फेडेल?" सहायकाने लिहिलं की हे आपल्याला सांगता येणार नाही. लोक हसले. "हे मिसाळपेक्षा खरं बोलतंय," एक जण म्हणाला.

मग संदीप नावाचा एक तरुण पुढे आला. वडीगोद्रीला हायवेलगत त्यांचं दुकान आहे. दुकान त्याचे वडील चालवायचे, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. संदीप पुण्याला एका कंपनीत होता. गेल्या वर्षी अण्णा गेले, तेव्हा नोकरी सोडून तो दुकानात बसला. बोलायला कमी, काम नेटकं. त्याने साधा प्रश्न लिहिला, संध्याकाळी दुकान बंद करताना दिवसाचा हिशेब कसा बंद करायचा.

भिंतीवर उत्तर उमटलं. आधी पायऱ्या, सगळ्या बराबर. आणि त्याखाली, "आणि अण्णा, भाकरीवर नुसतं मीठ-तेल घेऊन झोपू नका. बीपीची गोळी घ्या. संदीपचा फोन येईल. कामात असतेत पोरं."

पहिल्या वाक्याला दोघं-तिघं हसले. शेवटचं वाचेपर्यंत सगळ्यांच्या माना संदीपकडे वळल्या होत्या.

मी काकांकडे पाहिलं. ते दारात उभे होते. त्यांचा चेहरा मला इथे लिहिता येणार नाही.

"भैया," मागून एक जण म्हणाला, "आमचंबी असंच निघंल का ह्यातून?"

"माझं दुसऱ्या सोयरिकीचं पुसलं ना रं, मिसाळ?" दुसऱ्याने हसत विचारलं, पण त्याचे डोळे हसत नव्हते. आणखी एक जण कचोरीची प्लेट ठेवून चपला शोधायला लागला.

भैयांनी प्रोजेक्टर बंद केला. "चूक माझी आहे," ते सरळ म्हणाले. "काकांनी बघितल्याशिवाय काही जाऊ द्यायचं नाही असं ठरलं होतं, आणि आज मीच मधली पायरी काढली. सगळं परत तपासेपर्यंत हे बंद." लोक गेले. संदीप चहा तसाच ठेवून गेला.

"काका, तुम्ही?" भैया म्हणाले. "दुसऱ्या कुणाकडून राहिलं असतं तर समजलो असतो."

"राह्यलं न्हाई, भैया," काका म्हणाले. "ठेवलं. मला वाटलं, मी बसलोय की इथं. आलं तर मी काढीन."

"तुमच्या स्क्रीनवर रोज यायचं का हे?"

"कधी कधी यायचं."

भैया माझ्याकडे वळले. मला म्हणाले, सगळ्या फाइली पुन्हा वाच, एकूण एक. मी वाचल्या. बाकी सर्व इतकं स्वच्छ होतं की एका ठिकाणी काकांनी एका कुत्र्याचं नावसुद्धा खोडलेलं होतं. फक्त वडीगोद्रीच्या अण्णांची बोलणी जशीच्या तशी होती. त्यांना भाजीचं नावही दिलेलं नव्हतं.

अण्णा जवळजवळ रोज दुकान बंद करताना फोन करायचे आणि एकच विचारायचे, दिवसाचा हिशेब कसा बंद करायचा. त्यांना ते चांगलं येत होतं. दुसऱ्याच वाक्याला ते म्हणायचे, "बरं, ते झालंय माझं करून. तुम्ही काय टाकलं आज?" मग दोघं म्हातारे स्वयंपाकाचं बोलायचे. पिठल्यात गुठळ्या का होतात. डाळ किती शिजवायची. अण्णांच्या हातून भाकरी फुगत नव्हती, तर काकांनी फोनवरून त्यांना पीठ मळायला शिकवलं होतं, आणि ज्या दिवशी फुगली त्या दिवशी अण्णा फोनवर नुसते हसत होते.

पण बरंचसं बोलणं संदीपचं होतं, आणि ते हसायचं नव्हतं. "पोळ्याला येतो म्हणला, आला न्हाई." "मीच लावला फोन, मीटिंगमधी हाय म्हणला." "एवढा काय मोठा साहेब झाला, मिसाळ? त्याची माय गेली तवाबी चौथ्या दिवशी परत गेल्ता." एकदा ते म्हणाले, "मी मेलो की येईल. दुकान बघायला येईल." प्रत्येक वेळी काका तेच म्हणायचे, येईल फोन, कामात असतेत पोरं. फक्त एकदा काका काही बोलले नव्हते. मशीनने तिथे नुसती रिकामी जागा सोडली होती. त्यानंतर काकांचं वाक्य होतं, "माझंबी तेच हाय, अण्णा. दुसरं काय हाय?"

मला ते वाचायला नको होतं असं वाटलं. पण मला वाचायलाच सांगितलं होतं.

चार-पाच दिवसांनी संदीप आला. दुपारची वेळ होती, भैया बँकेत गेले होते. तो काकांसमोर खुर्चीवर बसला, पाणी नको म्हणाला.

"भैयांनी फोन करून माफी मागितली," तो म्हणाला. "मी सॉफ्टवेअर सोडत नाही. त्यासाठी नाही आलो."

"बोला."

"अण्णांची रेकॉर्डिंग आहेत ना तुमच्याकडे? मला द्या. पैसे लागत असतील तर देतो."

"ते देता येत न्हाई."

"काका, माझा बाप होता तो."

"व्हय. पर ते मला बोलत होते." काका खाली बघून बोलत होते. "फोनवर जे सांगतेत ते मी कुणाला देत न्हाई. पोराला न्हाई, बायकोला न्हाई. तसं दिलं तर मंग कोण बोलंल माझ्याशी?"

संदीपच्या हातात दुकानाच्या किल्ल्या होत्या, त्या तो मोजल्यासारख्या सरकवत होता.

"एवढंच सांगा," तो म्हणाला. "त्यात होतं, संदीपचा फोन येईल म्हणून. म्हणजे वाट बघायचे का ते? नाराज होते का माझ्यावर?"

मी माझ्या टेबलाशी होते. मला उठून जाता आलं नाही.

"नाराज?" काका हसले. "तुमच्यावर? अहो, ते मी म्हणायचो. माझी ती सवयच हाय, सगळ्यांना म्हणतो मी. अण्णा उलट मला रागवायचे. म्हणायचे, त्याला कशाला फोन पाहिजे? कामात असला की माझं पोरगं सगळं इसरतं, मी तरुणपणी असाच होतो. माझ्यावरच गेलंय."

"असं म्हणायचे?"

"लई वेळा. म्हणायचे, दुकान त्याच्या हातात गेलं की बघा, मिसाळ, हायवेला बोर्ड लागंल मोठा."

मी त्या सगळ्या फाइली वाचल्या होत्या. यातलं एकही वाक्य त्यांत नव्हतं.

संदीपने मान खाली घातली. खांदे हलत होते. काका उठले, त्याच्याजवळ गेले, पण हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. शेवटी ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. संदीप गेला तेव्हा त्याचा चेहरा आला होता त्यापेक्षा मोकळा होता. जिन्यातून त्याने कुणाला तरी फोन लावला, बोर्डाचा भाव विचारत होता.

काका परत येऊन बसले.

"ताई, भैया काय म्हणले त्या फाइलींचं?"

"झाकपाक करा नाहीतर काढून टाका."

"झाकपाक केल्यावर काय ऱ्हाईल?"

मी सांगितलं. हिशेब बंद करायच्या पायऱ्या राहतील. त्या दुसऱ्या ग्राहकांच्या बोलण्यात आहेतच.

"मंग काढून टाक. आवाजाचंबी. कुठं दुसरीकडं कॉपी असंल तर तीबी. परत कुणाला सापडायला नको."

मी सगळीकडच्या फाइली एकत्र केल्या. आधी भैयांना फोन करून विचारलं, ते हो म्हणाले. बटणावर बाण आणून मी थांबले. मला वाटलं, विचारू की नको. मग विचारलंच.

"काका, काढायच्या आधी एकदा ऐकायचं का? एखादं?"

खाली रस्त्यावर एक ऑटो अडकला होता, हॉर्न वाजत होता. तो जाईपर्यंत ते खिडकीकडे बघत राहिले.

"न्हाई," ते म्हणाले. "ऐकलं तर काढणं व्हायचं न्हाई. आणि ठेवलं तर कधीतरी त्या पोराला खरं कळंल. दाब तू."

मी दाबलं. मशीनने विचारलं, नक्की का. मी पुन्हा दाबलं.

"झालं?"

"झालं."

"येत न्हाई ना परत?"

"नाही, काका."

सहायक आता पुन्हा सुरू झाला आहे. उत्तर आधी काकांच्या स्क्रीनवर येतं, मगच पुढे जातं, आणि ती पायरी आता भैयांनासुद्धा एकट्याने बंद करता येत नाही. काम चांगलं चाललं आहे. त्या दिवशी चपला शोधणारे दुकानदारही परत आले. बारीकसारीक अडचणी ते मोबाइलवर लिहून विचारतात आणि लगेच उत्तर मिळतं म्हणून खूश असतात. फोन फार कमी येतात. भैया म्हणतात, काकांचं ओझं हलकं झालं. ते त्यांच्या परीने खरंच बोलतात.

परवा मी पिशवी भरून होस्टेलला निघाले. बाजारातली दुकानं बंद व्हायची वेळ झाली होती, शटर ओढल्याचे आवाज येत होते. काका अजून बसलेले होते. मी दाराशी चप्पल घालत होते, त्यांना वाटलं मी गेले. त्यांनी फोनचा रिसीव्हर उचलला, नंबर न फिरवता कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं, आणि पुन्हा जागेवर ठेवला.

टोन मला दारापर्यंत ऐकू आला. लाइन चालू होती.